सान्तियागो रामोन इ काहाल यांचे प्रकाशनकार्य आणि उद्धरण-प्रभाव : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संशोधकाचे योगदान त्याच्या प्रकाशनांची संख्या व त्यांना मिळालेली उद्धरणे यांवरून मोजण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला व महाविद्यालयीन अध्यापकांची पदोन्नतीही प्रकाशनांच्या गुणमोजणीशी जोडली गेली. ही मोजपट्टी कितपत पुरेशी आहे हे तपासण्यासाठी आधुनिक चेताविज्ञानाचे प्रवर्तक, स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल (१८५२-१९३४) यांच्या प्रकाशनकार्याचा इतिहास उद्बोधक ठरतो.

स्वखर्चाचे नियतकालिक

इटलीतील कॅमिलो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने चेतापेशी रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. परंतु दशकाहून अधिक काळ तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. काहाल यांनी १८८७ मध्ये माद्रिद येथे या पद्धतीने तयार केलेल्या काचपट्ट्या पाहिल्या आणि तीत सुधारणा करून पक्ष्यांच्या व भ्रूणांच्या मेंदूचा अभ्यास आरंभिला. मज्जासंस्था हे अखंड जाळे नसून ती स्वतंत्र पेशींची बनलेली आहे, या निष्कर्षाकडे त्यांचे निरीक्षण त्यांना घेऊन गेले.

हे निष्कर्ष मांडण्यासाठी त्यांनी मे १८८८ मध्ये बार्सिलोना येथून ऊतिविज्ञानाचे स्वतःचे त्रैमासिक सुरू केले. त्याचा खर्च ते स्वतः करीत आणि पहिल्या अंकाच्या केवळ ६० प्रती निघाल्या. लेखक, संपादक व प्रकाशक एकच आणि भाषा स्पॅनिश! आजच्या कोणत्याही गुणतक्त्यात अशा प्रकाशनाला स्थान मिळणे कठीण आहे.

प्रभावाचा मार्ग

प्रती परदेशी पाठवूनही अपेक्षित प्रतिसाद मिळेना, तेव्हा काहाल १८८९ मध्ये जर्मन शरीररचनाशास्त्र परिषदेच्या बर्लिन येथील अधिवेशनास आपल्या काचपट्ट्यांसह उपस्थित राहिले. सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिल्यावर अल्बर्ट फॉन कोलिकर यांच्यासारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाची खात्री पटली. काहाल यांचे लेखन वाचता यावे म्हणून कोलिकर यांनी पुढे स्पॅनिश भाषा आत्मसात केली. म्हणजे येथे मान्यता उद्धरणांमुळे मिळाली नाही. मान्यतेनंतर उद्धरणे आली.

श्रेयाचा प्रश्नही लक्षणीय आहे. 'न्यूरॉन' ही संज्ञा १८९१ मध्ये विल्हेल्म वाल्डायर यांनी जर्मन भाषेतील आढावा-लेखात रूढ केली. त्या लेखाचा आधार मुख्यतः इतरांचे, विशेषतः काहाल यांचे, संशोधन होते. तरीही सिद्धान्ताशी वाल्डायर यांचे नाव कायमचे जोडले गेले. काहाल यांना १९०६ मध्ये गॉल्जी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र गॉल्जी यांनी आपल्या व्याख्यानात याच सिद्धान्ताला विरोध केला.

मोजणीच्या मर्यादा

यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये उद्धरण-सूचीची कल्पना मांडली आणि विज्ञान उद्धरण सूची १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. जॉर्ज हर्श यांचा एच-निर्देशांक २००५ मधील आहे. त्यानुसार प्रत्येकी किमान १० उद्धरणे मिळालेले १० निबंध असल्यास निर्देशांक १० होतो. या गणितात काहाल यांचा १८९९ ते १९०४ या काळातील मज्जासंस्थेवरील महाग्रंथ, त्याला कितीही उद्धरणे मिळाली तरी, एकाच प्रकाशनाइतका मोजला जाईल. शिवाय एखादी कल्पना सर्वमान्य झाली की तिच्या मूळ लेखकाचा निर्देशच थांबतो, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले आहे. चेतापेशी स्वतंत्र असते असे लिहिताना आज कोणीही १८८८ चा तो निबंध उद्धृत करीत नाही. सर्वाधिक यशस्वी संशोधन अशा रीतीने मोजणीतून निसटते.

निष्कर्ष

यावरून उद्धरणे निरर्थक ठरत नाहीत. भाषेचा अडसर काहाल यांनाही जाणवला. त्यांचा महाग्रंथ व्यापक वाचकवर्गापर्यंत पोहोचला तो १९०९ ते १९११ मधील फ्रेंच आवृत्तीमुळे. मात्र उद्धरणसंख्या ही संशोधन किती दूर पोहोचले याची खूण आहे, त्याच्या सत्यतेची नव्हे. कोलिकर यांनी काचपट्टी पाहिली, भाषा शिकली आणि मग निर्णय दिला. प्रादेशिक भाषांत लिहिणाऱ्या अध्यापकांच्या संशोधनाचे मूल्यमापन करणाऱ्या समित्यांनीही गुणांची बेरीज करण्यापूर्वी मूळ निबंध वाचणे अगत्याचे आहे.