शेवटच्या भागाचें देणें

‘पुढें काय झालें?’ हा प्रश्न गोष्टीइतकाच जुना आहे. गोष्ट एका बैठकींत संपत असे तोंवर या प्रश्नाचें उत्तर त्याच रात्रीं मिळे आणि ऐकणारे समाधानानें घरीं जात. पण कथा हप्त्याहप्त्यानें मिळूं लागली तेव्हां कथाकार आणि श्रोता यांचे संबंध पालटले. कथाकार जणूं उधारी करूं लागला. आज एक गूढ, उद्यां एक शपथ, परवां एक अन्याय, असें तो पुढें ठेवीत जातो आणि त्याची नोंद ऐकणारा मनांत करीत राहतो. वर्षानुवर्षें चाललेली चित्रमालिका संपते त्या दिवशीं ही वही उघडली जाते. त्या वेळीं उठणाऱ्या असंतोषाला रसिकांचा हट्ट म्हणून हिणविणें सोपें आहे. परंतु त्याचा इतिहास निराळें कांहीं सांगतो. लोक गोड शेवटासाठीं जितके अडून बसत नाहींत, तितके चुकत्या हिशेबासाठीं अडून बसतात.

हें भांडण पडद्याच्या आधीं कागदावर झालें. 1893 च्या डिसेंबरांत लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकांत आर्थर कॉनन डॉइल यांनीं आपला नायक शेरलॉक होम्स याला स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यांत गडप केलें. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिण्याची हौस असलेल्या या लेखकाला आपला गुप्तहेर नकोसा झाला होता. वीस हजारांवर वर्गणीदारांनीं मासिक सोडलें, असें सांगितलें जातें. यांत केवळ नायकाच्या मृत्यूचें दुःख नव्हतें. ज्या मोरियार्टीशीं झुंजतांना होम्स नाहींसा झाला, त्याचें नांवसुद्धां वाचकांनीं पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें. एवढ्या मोठ्या नायकाला मारण्यासाठीं एक वैरी ऐन वेळीं उभा केला गेला होता. 1903 सालीं डॉइल यांनीं होम्सला परत आणलें.

अमेरिकेंत दूरचित्रवाणीच्या पहिल्या काळांत मालिकांना बहुधा शेवटच नसे. प्रेक्षक घटले कीं मालिका थांबे, आणि नायक होता तेथेंच राही. या प्रथेला ‘द फ्यूजिटिव्ह’ या मालिकेनें मोठा धक्का दिला. डॉ. रिचर्ड किंबल यांच्यावर पत्नीच्या खुनाचा खोटा आरोप शाबीत होतो. देहदंडासाठीं नेत असतां आगगाडी रुळावरून घसरते, ते निसटतात, आणि खऱ्या खुन्याचा, एका हाताच्या माणसाचा, शोध घेत गांवोगांव फिरतात. मागें लागलेला असतो पोलीस अधिकारी जेरार्ड. 1963 पासून 120 भाग हा पाठलाग चालला. गुन्हेगार एकदां कळला कीं जुने भाग पुन्हां कोण पाहणार, अशी धंद्यांतील लोकांना धास्ती होती. तरीहि शेवट करण्याचें ठरलें. 29 ऑगस्ट 1967 च्या रात्रीं अमेरिकेंत चालूं असलेल्या दूरचित्रवाणी संचांपैकीं सुमारें 72 टक्के संचांवर हा भाग पाहिला गेला, आणि तो विक्रम 1980 पर्यंत मोडला नाहीं.

त्या शेवटांत चमत्कार कोणताच नव्हता. एका हाताचा माणूसच खुनी ठरला, त्यानें कबुली दिली, आणि तो किंबल यांच्यावर उठला तेव्हां जेरार्डच्याच गोळीनें तो पडला. न्यायालयाबाहेर किंबल आणि जेरार्ड यांनीं हस्तांदोलन केलें. पहिल्या भागांत पेरलेलें सर्व कांहीं शेवटच्या भागांत हातीं आलें होतें, आणि चार वर्षें वाट पाहिलेल्या प्रेक्षकाला तेवढें पुरेसें होतें.

याच्या उलट उदाहरण ‘गेम ऑफ थ्रोन्स’चें. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेवर आधारलेली ही मालिका एप्रिल 2011 मध्यें सुरू झाली आणि 73 भागांनंतर 19 मे 2019 रोजीं संपली. हिच्या प्रेक्षकांना कोमल मनाचे म्हणतां येणार नाहीं. पहिल्याच वर्षीं, नववा भाग संपण्यापूर्वीं, ज्याला ते नायक समजत होते त्या नेड स्टार्कचा शिरच्छेद झाला. लोक हळहळले, पण मालिका सोडून गेले नाहींत. कारण कपटी दरबारांत सरळपणानें वागणाऱ्या माणसाचें तें मरण त्याच्या स्वभावांतूनच आलें होतें. कडू घोट त्यांनीं असे पुष्कळ घेतले.

मग 2019 सालीं काय बिघडलें? मूळ कादंबरीचे पांचच खंड तोंवर प्रसिद्ध झाले होते. मालिका पुस्तकाच्या पुढें निघून गेली होती. आरंभीचीं सहा वर्षें दरसाल दहा भाग होत असत. शेवटच्या दोन खेपांस अनुक्रमें सात आणि सहाच झाले. गुलामांच्या बेड्या तोडीत आलेली डेनेरिस शरणागतीची घंटा ऐकूनहि अख्खें नगर जाळते. तिच्या क्रौर्याच्या खुणा पूर्वीं दिसल्या नव्हत्या असें नाहीं. परंतु जें बीज सात वर्षें जमिनींत होतें, त्याचा वृक्ष दोन भागांत उभा केला गेला. शेवटचें वर्ष नव्यानें तयार करावें, अशा अर्जावर अठरा लाखांवर सह्या झाल्या. त्याच वर्षीं या मालिकेनें उत्कृष्ट नाट्यमालिकेच्या सन्मानासह बारा एमी पारितोषिकें मिळविलीं, आणि अखेरचा भाग अमेरिकेंत पहिल्या रात्रीं 1 कोटी 93 लाख लोकांनीं पाहिला. म्हणजे ज्यांनीं तक्रार केली ते पाठ फिरविलेले लोक नव्हते. ते अखेरपर्यंत बसून राहिलेले होते.

भारतांत याच प्रश्नाला एकदां फार निराळें वळण लागलें. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका 25 जानेवारी 1987 पासून रविवारीं सकाळीं दूरदर्शनवर दिसूं लागली. 31 जुलै 1988 रोजीं रामराज्याभिषेकानें ती संपली. मंगल प्रसंगानें कथा संपविण्याची रीत आपल्याकडे जुनीच. परंतु ही समाप्ति जवळ आली असतां जालंधरच्या सफाई कामगारांनीं काम बंद केलें होतें. महर्षि वाल्मीकींना आपले पूर्वज आणि गुरु मानणाऱ्या या समाजाची मागणी उत्तरकांड दाखविण्याची होती. टाकलेल्या सीतेला आश्रय देणारे, लव-कुशांना वाढविणारे आणि त्यांच्या मुखीं रामकथा घालणारे वाल्मीकि याच कांडांत आहेत. तें गाळलें तर अयोध्येला तिचा राजा मिळतो, पण या लोकांचा ऋषि कथेंतून निघून जातो. संप उत्तर हिंदुस्थानांतील इतर शहरांत पसरला, रस्त्यांवर केर सांचूं लागला, आणि सरकारला नमावें लागलें. पुढें ‘लव-कुश’ या नांवानें उत्तरकथा पडद्यावर आली. येथें लोकांनीं मागितला तो गोड शेवट नव्हे. राज्याभिषेकाचा गोड शेवट त्यांना मिळालाच होता. त्यांनीं मागितली सीतेच्या वनवासाची आणि भूमिप्रवेशाची कथा.

या साऱ्या प्रकाराला आपल्या नाट्यशास्त्रांत फार पूर्वीं नांव मिळालें आहे. भरतमुनींनीं नाटकाचे पांच संधि सांगितले; त्यांतील शेवटचा निर्वहण. मुखसंधींत पेरलेलें बीज आणि मध्यंतरीं विखुरलेले अर्थ जेथें एकत्र आणले जातात, तें निर्वहण. आठव्या शतकांत भवभूतीनें ‘उत्तररामचरित’ लिहिलें तेव्हां त्यानें वाल्मीकींचा शेवटच बदलला. भूमींत गेलेली सीता त्यानें रामाला परत दिली. सर्वांना पाठ असलेल्या कथेशीं एवढें धाडस करूनहि तो रसिकांचा लाडका राहिला. पहिल्या अंकांत चित्रें पाहतांना राम सीतेला सांगतो कीं जृंभकास्त्रें तुझ्या संततीकडे येतील. तेथेंच तो गंगेला सीतेचें कल्याण पाहण्याची प्रार्थना करतो. पुढें लवाच्या हातीं तीं अस्त्रें दिसतात, आणि सातव्या अंकांत सीता परत येते ती गंगेच्याच साहाय्यानें. कवीनें शेवट बदलला खरा, परंतु त्याची तयारी पहिल्या अंकापासून केली.

शेवट कसा असावा हें मतमोजणीनें ठरत नाहीं. 2019 च्या त्या अर्जाप्रमाणें मालिका पुन्हां चित्रित झाली नाहीं, आणि तें योग्यच झालें. झालेली कथा झाली. पण त्या लाखों सह्यांमागें आठ वर्षांच्या रात्रींची नोंद होती, आणि जालंधरच्या संपामागें त्याहून कितीतरी जुनी. नायकाला मारण्याचा, राज्य बुडविण्याचा, ठाऊक असलेली कथा पालटण्याचाहि कथाकाराला अधिकार आहे. आपण स्वतः काय पेरलें हें विसरण्याचा अधिकार मात्र त्याला नाहीं. कारण तें ऐकणाऱ्यांना आठवत असतें.