छत्रपती संभाजीनगरातील खाजगी विद्यापीठीय शिक्षण

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे अधिकृत नाव औरंगाबाद) येथील पदव्युत्तर आणि व्यावसायिक शिक्षणाच्या वाढीत खाजगी संस्थांचा वाटा मोठा आहे. विद्यापीठ येण्यापूर्वी येथे खाजगी महाविद्यालय आले आणि आज या शहरातील एका खाजगी न्यासाच्या एकाच आवारात दोन निराळ्या विद्यापीठांच्या पदव्यांचे शिक्षण दिले जाते. तथापि ‘खाजगी’ या शब्दाचा अर्थ १९५० मध्ये जो होता, तो पुढे राहिला नाही. संस्था कोणासाठी काढली, तिचा खर्च कोणी उचलला आणि पदवी कोणाच्या अधिकाराने दिली, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक टप्प्यावर बदलत गेली.

निजामी राजवटीत औरंगाबाद हे सुभ्याचे ठिकाण असूनही उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या होत्या. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये हैदराबादला झाली; तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्या विद्यापीठाचे इंटरमीजिएट कॉलेज औरंगाबादला १९२३ मध्ये सुरू झाले. उर्दू भाषेचे थोर सेवक मौलवी अब्दुल हक हे त्याचे प्राचार्य होते. इंटरच्या पुढील शिक्षणासाठी विद्यार्थ्याला हैदराबादला, अथवा संस्थानाबाहेर पुणे-मुंबईकडे जावे लागे. मराठी घरातील मुलाला परकी भाषा आणि परके शहर या दोन्हींचा खर्च सोसावा लागे. खेड्यातील शेतकरी व अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना तो जवळजवळ अशक्यच होता. श्री सरस्वती भुवन या संस्थेने १९१५ पासून शालेय शिक्षणात मोलाचे काम केले. परंतु महाविद्यालयाचा प्रश्न संस्थान विलीन होईपर्यंत (सप्टेंबर १९४८) तसाच राहिला.

विलीनीकरणानंतर दोन वर्षांच्या आतच, १९५० मध्ये, मराठवाड्यात दोन खाजगी महाविद्यालये निघाली : नांदेडचे पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय. ही सोसायटी ८ जुलै १९४५ रोजी स्थापन झाली होती आणि तिने मुंबईत १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले होते. दोन शहरांत आवारे असलेली, एकाच मंडळाच्या नियंत्रणाखालील ही संस्था विद्यापीठ नव्हती. पण एका खाजगी संस्थेने अनेक ठिकाणी उच्च शिक्षण चालविण्याचा औरंगाबादला आलेला हा पहिला महत्त्वाचा अनुभव होय. दोन्ही ठिकाणच्या गरजा निरनिराळ्या होत्या. मुंबईत नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग भरविले गेले; औरंगाबादला पाच जिल्ह्यांच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय ही पहिली निकड होती. वर्गखोल्यांइतकेच महत्त्व वसतिगृहांना द्यावे लागले, ते यामुळेच.

महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. म. भि. चिटणीस हे पहिले प्राचार्य. पुढे महाविद्यालयास ‘मिलिंद’ आणि परिसरास ‘नागसेनवन’ ही नावे मिळाली. भिक्षू नागसेन आणि त्याला प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद (मिनँडर) यांच्या संवादावर मिलिंदपञ्ह हा पाली ग्रंथ आधारलेला आहे. शंका विचारणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला आणि उत्तरे देणाऱ्याचे परिसराला, ही निवड सहज झालेली नाही हे उघड आहे. नागसेनवनात कला, विज्ञान, वाणिज्य या शाखांच्या जोडीला १९६८ मध्ये विधी महाविद्यालय आले. मराठवाड्यातील दलित समाजातून वकील, प्राध्यापक, शासकीय अधिकारी व लेखक यांची पहिली मोठी पिढी येथूनच पुढे आली. अस्मितादर्श या नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे यांचा या महाविद्यालयाशी निकटचा संबंध होता. महाविद्यालय खाजगी होते, पण त्याचे शिक्षण विकत घ्यावयाचे नव्हते. सोसायटीची जमवाजमव, शासनाचे साहाय्य आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या यांवर ते उभे राहिले.

राज्यपुनर्रचनेत (१ नोव्हेंबर १९५६) मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि मराठवाडा विद्यापीठाचे उद्‌घाटन २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. सुंदरराव रा. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू. व्यावसायिक शिक्षणात या काळी शासन पुढे होते : शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९५६), ज्याचे रुग्णालय सर्वत्र ‘घाटी’ या नावाने ओळखले जाते, आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०). कला, विज्ञान, वाणिज्य हे क्षेत्र खाजगी संस्थांनी व्यापले. मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळाचे देवगिरी महाविद्यालय (१९६०) आणि डॉ. रफिक झकेरिया यांनी स्थापिलेल्या संस्थेचे मौलाना आझाद महाविद्यालय (१९६३) ही त्यांतील ठळक होत. या सर्वांना विद्यापीठाची संलग्नता व शासनाचे वेतन अनुदान मिळाले. अभ्यासक्रम व परीक्षा विद्यापीठाच्या, पगार शासनाचा आणि व्यवस्थापन संस्थेचे, अशी ही विभागणी सुमारे पंचवीस वर्षे टिकली.

विद्यापीठाची पदवी कोणाच्या नावाने ओळखली जावी, हाही या प्रदेशात केवळ औपचारिक प्रश्न राहिला नाही. विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत करताच मराठवाड्यात दंगली उसळल्या, दलितांची घरे जाळण्यात आली. आणि सोळा वर्षांच्या आंदोलनानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ स्थापन झाले.

दरम्यान, १९८० नंतर व्यावसायिक शिक्षणाचे अर्थकारण पालटले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. त्यापूर्वी महाराष्ट्रातील अनेक मुले अधिक शुल्क भरून कर्नाटकात जात असत. तो पैसा व त्या जागा राज्यातच राहाव्यात, असा युक्तिवाद होता. औरंगाबादेत तो लवकर पटला, कारण चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत अभियंत्यांना मागणी होती आणि शासकीय महाविद्यालयातील जागा मोजक्याच होत्या. दुसरी बाजूही लवकरच दिसू लागली. शुल्काव्यतिरिक्त देणग्या घेण्याच्या प्रथेला आळा घालण्यासाठी राज्याला १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक अधिनियम करावा लागला.

महात्मा गांधी मिशन हा न्यास या संक्रमणकाळातच निघाला. कमलकिशोर कदम व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये नांदेड येथे त्याची स्थापना केली. औरंगाबादचे जवाहरलाल नेहरू अभियांत्रिकी महाविद्यालय हे त्याच्या आरंभीच्या संस्थांपैकी एक. नांदेडलाही अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १९८९–९० च्या सुमारास नवी मुंबई व औरंगाबाद येथे वैद्यकीय महाविद्यालये व रुग्णालये उभी राहिली. औरंगाबाद आणि नवी मुंबई (कामोठे) येथील मोठी आवारे सिडकोने वसविलेल्या नव्या वस्त्यांत आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जुन्या शहरात एवढी सलग जमीन मिळणे कठीण होते. रुग्णालयासह वैद्यकीय शिक्षण देण्यास तर ती अपरिहार्यच होती. वैद्यकातील पदव्युत्तर जागा इमारतीवर मिळत नाहीत. त्या त्या विषयाचे पात्र अध्यापक, खाटांची संख्या आणि प्रत्यक्ष येणारे रुग्ण यांवर त्या ठरतात. त्यामुळे ज्या संस्थेला एम.डी. किंवा एम.एस. चे शिक्षण द्यावयाचे आहे, तिला आधी भरलेले रुग्णालय चालवावे लागते, आणि त्याचा खर्च विद्यार्थ्यांच्या शुल्कात उतरतो.

औरंगाबादच्या आवारात अभियांत्रिकी व वैद्यक यांशिवाय व्यवस्थापन, वृत्तपत्रविद्या, ललितकला इ. विषयांचे शिक्षण सुरू झाले. कथ्थक व ओडिसी नृत्याचे ‘महागामी’ हे गुरुकुल (१९९६) पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली येथेच वाढले. विनाअनुदान शिक्षणसंकुलात असे काही रुजणे ही त्या काळी अपवादाची बाब होती.

अशा महाविद्यालयांच्या शुल्काविषयी आणि प्रवेशाविषयी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका बदलत गेली. उन्नीकृष्णन खटल्यात (१९९३) निम्म्या जागा अल्प शुल्काच्या व निम्म्या अधिक शुल्काच्या, अशी योजना न्यायालयाने घालून दिली. टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात (२००२) अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती मोडीत काढून संस्थांना वाजवी शिल्लक ठेवण्याइतके शुल्क ठरविण्याची मुभा दिली. नफेखोरी मात्र निषिद्ध ठरविली. विनाअनुदान संस्थांवर शासनाला आरक्षण लादता येणार नाही, असे इनामदार खटल्यात (२००५) ठरले. त्यावर त्र्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये नवे उपकलम घालून तसा कायदा करण्याचा अधिकार राज्याला दिला. मिलिंद महाविद्यालयाच्या काळी ज्या प्रश्नाचे उत्तर संस्थेच्या हेतूतच होते, तो आता न्यायालयाच्या दारात गेला होता.

पदवी देण्याचा अधिकार मात्र अद्याप या संस्थांकडे नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार तो विद्यापीठालाच, अथवा कलम ३ खाली विद्यापीठ मानल्या गेलेल्या संस्थेलाच असतो. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये १९९८ नंतर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत गेली. महात्मा गांधी मिशनच्या आरोग्यविज्ञान संस्थेस २००६ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे मुख्यालय कामोठे येथे असून औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालय तिचे घटक बनले. पुढे २०१९ मध्ये राज्य विधिमंडळाच्या स्वतंत्र अधिनियमाने औरंगाबाद येथे एमजीएम विद्यापीठ हे स्वयंअर्थसाहाय्यित खाजगी विद्यापीठ स्थापन झाले आणि अभियांत्रिकीसह इतर शाखा त्याखाली आल्या. परिणामी एकाच आवारात वैद्यकाच्या विद्यार्थ्याला नवी मुंबईत मुख्यालय असलेल्या विद्यापीठाची आणि शेजारच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला याच शहरातील विद्यापीठाची पदवी मिळते. पहिले केंद्रीय कायद्याखालील, तर दुसरे राज्याच्या कायद्याने निर्माण झालेले आहे.

या बदलाचा शैक्षणिक लाभ खरा आहे. संलग्नतेच्या पद्धतीत शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा असतो. शेकडो महाविद्यालयांना एकच अभ्यासक्रम लागू असल्याने नवा विषय सुरू होण्यास वर्षे लागतात. स्वतःचे विद्यापीठ झाल्यावर अभ्यासमंडळ, परीक्षा, निकाल व पीएच.डी. चे मार्गदर्शन ही सर्व कामे एकाच ठिकाणी होतात. परंतु बाहेरची देखरेखही त्याच प्रमाणात कमी होते. राज्य विद्यापीठाचे कुलपती राज्यपाल असतात. खाजगी विद्यापीठात ते स्थान प्रायोजक संस्थेच्या नियुक्तीवर अवलंबून असते. वैद्यकात ही उणीव काही अंशी भरून निघाली, कारण अभिमत विद्यापीठांतील वैद्यकीय प्रवेश राष्ट्रीय पात्रता परीक्षेनंतर २०१७ पासून केंद्रीय समुपदेशनातून होऊ लागले.

शुल्काचा प्रश्न यापेक्षा कठीण ठरला. खाजगी वैद्यकीय महाविद्यालये व अभिमत विद्यापीठे यांतील निम्म्या जागांचे शुल्क शासकीय महाविद्यालयाइतके असावे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुचविले. त्याची सर्वत्र अंमलबजावणी झाली नाही. स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठाला शासनाकडून अनुदान मिळत नाही. शिक्षणशुल्काच्या प्रतिपूर्तीच्या राज्य योजनाही मुख्यतः शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून संलग्न महाविद्यालयांत आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या आहेत. व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना संपूर्ण शिक्षणशुल्कमाफी देण्याचा निर्णय राज्याने जुलै २०२४ मध्ये घेतला; त्यातून खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे वगळण्यात आली. खेड्यातून या शहरात शिकावयास येणाऱ्या मुलीला अभियांत्रिकीच्या एकाच शाखेसाठी संलग्न महाविद्यालयात ही माफी मिळू शकते, खाजगी विद्यापीठात मिळत नाही.