मिऱ्यांचे पाणी आणि साहेबाचे सूप

मोठ्या उपाहारगृहातील खाद्यपदार्थांच्या यादीत 'मलिगटॉनी सूप' हे नाव अनेक वाचकांनी पाहिले असेल. उच्चार इंग्रजी वळणाचा असल्यामुळे पदार्थही विलायतेहून आला असावा, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात हा शब्द तमिळ आहे. 'मिळगु' म्हणजे काळी मिरी आणि 'तण्णीर' म्हणजे पाणी. बोलीत त्याचेच 'तण्णी' होते. मिऱ्यांचे पाणी, एवढाच त्याचा अर्थ. गरिबाच्या चुलीवरचे हे पाणी साहेबाच्या मेजावर कसे चढले आणि चढताना त्यात काय काय पालट झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. घरी भाज्या घालून हे सूप करणाऱ्या गृहिणीला, आपण एका मांसाहारी पदार्थाची काटकसरीची नक्कल करीत आहोत, असे वाटण्याचा संभव असतो. इतिहास नेमके उलट सांगतो.

आरंभ मिरीपासूनच करावा लागतो. मिरीचा वेल मूळचा सह्याद्रीच्या दक्षिण भागातला, मलबारचा. इसवी सनापूर्वी १२१३ मध्ये मरण पावलेला इजिप्तचा राजा दुसरा रामसेस ह्याच्या जतन केलेल्या देहाच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे सापडले आहेत. इ. स. ४०८ मध्ये अलारिक ह्या गॉथ राजाने रोम नगरीला वेढा घातला, तेव्हा मागितलेल्या खंडणीत सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरीही होती. १४९८ मध्ये वास्को द गामाची गलबते कालिकतच्या किनाऱ्याला लागली, त्यामागेही मिरीचा ओढा होताच. मिरची मात्र त्यानंतर पोर्तुगीज व्यापाराबरोबर अमेरिका खंडातून आपल्याकडे आली. तोवर आपल्या स्वयंपाकात तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आले ह्यांमुळे. नव्या पाहुणीला 'मिरची' हे नावही मिरीवरूनच मिळाले. जगाने जिच्यासाठी समुद्र ओलांडले, ती मिरी तिच्या मायदेशी मात्र साध्या भातावरच्या पातळ कालवणात पडत होती.

इंग्रजी लेखनात ह्या कालवणाचा उल्लेख फार लवकर, पण अनपेक्षित ठिकाणी सापडतो. म्हैसूरच्या हैदर अलीबरोबर इंग्रजांचे दुसरे युद्ध १७८० ते १७८४ ह्या काळात झाले. त्यात पकडल्या गेलेल्या, आरमारातील एका इंग्रज गृहस्थाचे १७८४ सालचे एक गीत उपलब्ध आहे. बंगळूरच्या तुरुंगात आपल्या वाट्याला मिऱ्यांचे पाणी नाहीतर कांजी येते, असे गाऱ्हाणे तो त्यात मांडतो. कांजी म्हणजे आपली पेज. ज्या पदार्थाला पुढे क्लबांमध्ये मानाचे स्थान मिळाले, तो इंग्रजी भाषेत प्रथम शिरला तो बंदिवानाचे अन्न म्हणून, पेजेच्या जोडीने.

शंभर वर्षांत चित्र पालटले. १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल ह्यांनी सिद्ध केलेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश प्रसिद्ध झाला. मद्रास इलाख्यातील इंग्रज नोकरांना त्या काळी 'मल्स' असे टोपणनाव होते आणि ते ह्या मलिगटॉनीवरूनच पडले होते, अशी नोंद त्यात आहे. आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना पुढची नोंद अधिक गमतीची वाटेल. मुंबई इलाख्यातील नोकरांना 'डक्स' म्हणत, आणि हे नाव 'बॉम्बे डक'वरून म्हणजे आपल्या सुक्या बोंबलावरून आले असावे, असे कोशकार सुचवितात. राज्यकर्त्यांची ओळख अशी रयतेच्या ताटावरून ठरली!

मिऱ्यांच्या पाण्याचे सूप का झाले? त्याचे कारण दोन भोजनपद्धतींच्या भेदात आहे. आपल्याकडे पातळ पदार्थ भाताशी कालवून खाण्याची रीत. तमिळ पंगतीतही रसम भातावरच वाढतात. इंग्रजाच्या जेवणाचा आरंभ मात्र सूपाच्या बशीने होई. मद्रासच्या बंगल्यातील स्वयंपाक्याला धनी सूप मागे, आणि त्याच्या परंपरेत सूपाला सर्वांत जवळचा पदार्थ होता तो हाच. त्याने तो भातावरून उचलून बशीत ओतला. मालकाच्या आवडीनुसार त्यात कोंबडी आली, मटण आले, पीठ-लोण्याचा दाटपणा आला.

मग ही कृती परतणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर इंग्लंडला गेली. १८१७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या डॉ. विल्यम किचिनर ह्यांच्या पाकग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत ती आढळते. १८६१ मध्ये श्रीमती बीटन ह्यांच्या गृहव्यवस्थेवरील सुप्रसिद्ध ग्रंथात तिने कोंबडी किंवा ससा, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे काप, वाटलेले बदाम आणि करी पावडर असा थाट धारण केला आहे. नावात मिरी राहिली. चवीत तिला शोधावे लागावे, अशी स्थिती झाली.

मद्रासच्या लष्करातील कर्नल केनी-हर्बर्ट ह्यांनी 'वायव्हर्न' ह्या टोपणनावाने लिहिलेल्या १८७८ च्या पाकग्रंथात मात्र मूळची आठवण प्रामाणिकपणे ठेवली आहे. चिंच, लाल मिरच्या, लसूण, मोहरी, मेथी, मिरी, मीठ आणि कढीपत्ता वाटून पाण्यात सुमारे पाव तास उकळायचे, आणि तुपावर परतलेल्या कांद्यावर ते गाळून ओतायचे, अशी दक्षिणेतील सामान्य माणसाची कृती ते देतात. भरपूर भाताबरोबर हेच त्याचे पूर्ण जेवण, असेही ते सांगतात. ह्यात मांसाचा कणही नाही. मांस, पीठ आणि लोणी ही इंग्रजांनी घातलेली भर होय, असे एक इंग्रज अधिकारीच नमूद करतो.

येथे आणखी एका युरोपीय पाहुण्याचे स्मरण होते. येशूसंघीय धर्मगुरू रॉबर्ट दी नोबिली १६०६ मध्ये मदुराईला पोहोचले. त्यांनी संन्याशाचा वेष घेतला, मांसमद्य वर्ज्य केले आणि भात, भाजी, दूध असा आहार स्वीकारला. यजमानाचे अन्न आपल्या मेजासाठी बदलून घेणे ही एक रीत, आणि आपणच यजमानाच्या पानावर जाऊन बसणे ही दुसरी. दोन्ही रीती इतिहासात नांदल्या. त्यांतील अंतर आपण ध्यानी घ्यावे.

आता घरच्या कृतीकडे वळू. चारपाच माणसांसाठी अर्धी वाटी मसुरीची डाळ, एक गाजर, एक बटाटा, तांबड्या भोपळ्याची एक फोड आणि एक टोमॅटो घ्यावा. हे सर्व पाच पेले पाण्यात मऊ शिजवून घोटावे व गाळून घ्यावे. डाळीमुळे दाटपणा येतो, पीठ लागत नाही. दहाबारा मिरी, चमचाभर धने, अर्धा चमचा जिरे, चिमूटभर मेथी आणि एक सुकी मिरची मंद आचेवर कोरडी भाजून कुटावी. मेथी करपली की सारे कडू होते, म्हणून ती शेवटी टाकावी. मिरीचा सुगंध उडून जाणारा असतो. कुटलेली पूड डब्यात दिवसेंदिवस ठेवली तर तिखटपणा राहतो, सुवास जातो. तेव्हा ती आयत्या वेळीच कुटावी. थोड्या तुपावर कांदा, चारपाच लसणीच्या पाकळ्या आणि कढीपत्ता परतून त्यात पूड घालावी, वर गाळलेले सूप ओतावे. सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ व मीठ घालून दहा मिनिटे उकळावे. शेवटी वाटीभर नारळाचे दूध घालून आच मंद करावी. खळखळून उकळल्यास ते फुटते. बशीत चमचाभर भात घालून वर हे सूप वाढले, तर भाताशी तुटलेले त्याचे नाते पुन्हा जुळते.

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना शुक्रवारी किंवा उपवासकाळात हे सूप सोयीचे आहे. सर्दीपडशाने तोंडाची चव गेलेल्यालाही ते रुचते. पण मांसाविना केले म्हणून ते उणे आहे, असे कोणी मानू नये. मद्रासच्या ज्या स्वयंपाक्यांनी भातावरचे पाणी प्रथम बशीत ओतले, त्यांची नावे कोणत्याही पाकग्रंथात नाहीत. नावे राहिली ती ग्रंथ लिहिणाऱ्यांची. निदान त्यांच्या भाषेतील शब्द तरी आपण नीट उच्चारावा, आणि मुलांनी विचारले तर त्याचा अर्थ सांगावा : मिळगु-तण्णीर, मिऱ्यांचे पाणी.