दुरुस्तीला जागा कुणी द्यायची?

२५ जानेवारी २००३, शनिवार. भारतात सकाळचे अकरा वाजत होते, तेव्हा ‘स्लॅमर’ नावाचा वर्म इंटरनेटवर सुटला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या एका भोकातून तो आत शिरत होता. दर साडेआठ सेकंदांनी तो दुपटीने वाढत गेला आणि ज्या मशीनना तो बाधू शकत होता, त्यांपैकी नव्वद टक्के मशीन पहिल्या दहा मिनिटांत त्याच्या हाती गेली. एकंदर आकडा किमान ७५ हजारांचा. दक्षिण कोरियात इंटरनेट ठप्प झाले, अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची एटीएम पैसे देईनात. एवढा धुमाकूळ घालणाऱ्या या वर्मचा आकार होता ३७६ बाइट. हा परिच्छेद साठवायला त्याच्या कितीतरी पट जागा लागेल. शिवाय त्याने हार्ड डिस्कला हातसुद्धा लावला नाही. तो फक्त मेमरीत राहायचा. मशीन बंद करून चालू केले की जायचा आणि भोक उघडेच असेल तर थोड्याच वेळात परत यायचा.

भोक बुजवणारा पॅच सहा महिने आधीच, जुलै २००२ मध्ये निघाला होता. पण तो बसवायला धड इन्स्टॉलर नव्हता. फायली हाताने जागच्या जागी कॉपी कराव्या लागत. खुद्द मायक्रोसॉफ्टच्या नेटवर्कवरची काही मशीन पॅचविना राहिली होती. तीही सापडली.

हल्ला करणाऱ्याला ३७६ बाइट पुरले. बचावाचे गणित मात्र वेगळ्याच मापात होते. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक काढला. स्लॅमर आणि त्यामागून आलेला ब्लास्टर या दोघांनी झोप उडवल्यावर काढलेली ही मोठी डागडुजी होती. तिची पूर्ण फाइल २६६ एमबीची. ५६ केबीपीएसचा डायल-अप मोडेम कागदावरच्या पूर्ण वेगाने चालला असता, तरी ती उतरवायला अकरा तास लागले असते. आणि तो वेग कुणालाच मिळत नसे. म्हणून मायक्रोसॉफ्टने सीडी वाटल्या.

सीडी हातात आली की प्रश्न यायचा डिस्कवरच्या जागेचा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या ओळखीच्या पोराकडून असेंबल करून घेतलेल्या त्या काळच्या पीसीत ४० जीबीची डिस्क असे, आणि दुकानदार तिचे सी, डी, ई असे तुकडे पाडून देई. सीमध्ये विंडोज, बाकीच्यांत गाणी, सिनेमे, लग्नाचे फोटो. सीच्या वाट्याला हात आखडूनच जागा सोडलेली असे, कारण एक्सपीला तशी जागा लागतेच किती? अधिकृत किमान गरज दीड जीबीची. हे गणित पहिल्या दिवसापुरते बरोबर होते. विंडोज महिनागणिक फुगत जाणार आहे, हे त्यात कुणी धरलेच नव्हते. मग एक दिवस पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘लो डिस्क स्पेस’चा फुगा उगवायचा. डी ड्राइव्हवर वीस जीबी मोकळे पडलेले असले, तरी त्यांचा काडीचा उपयोग नसे.

ती जागा जायची कुठे, हे पाहायचे तर सी ड्राइव्हवरचे विंडोजचे फोल्डर उघडून, लपवलेल्या फायली दिसतील असे सेटिंग करावे लागे. तसे केले की निळ्या अक्षरांतल्या फोल्डरांची लांबलचक रांग दिसे. नाव डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारे, शेवटी केबी आणि सहा आकडे. निळे अक्षर म्हणजे आतला ऐवज दाबून ठेवलेला. प्रत्येक फोल्डर एकेका अपडेटचे, आणि त्यात बदलण्यापूर्वीच्या जुन्या फायली. अपडेटने काही बिघडवले तर मागे जाता यावे, यासाठी हा जुना माल जपलेला. फोल्डर उडवले तरी मशीन चालू राही, फक्त ते अपडेट पुन्हा काढता येत नसे. ही माहिती तोंडोतोंडी पसरली आणि घरोघरचे संगणक-तज्ज्ञ भाचे-पुतणे ती फोल्डरे साफ करू लागले. ज्यांना तेही जमत नसे, ते अपडेटच बंद करून मोकळे होत. आपल्याकडे त्याला आणखी एक कारण होते. विंडोजची प्रत चोरीची असे, आणि २००५ पासून मायक्रोसॉफ्ट प्रत खरी की खोटी ते तपासू लागली. सुरक्षेची अपडेट चोरीच्या प्रतींनाही मिळत होती, पण एवढा बारकावा कोण बघतो?

अपडेट एवढी जागा का खाते, हे राहत्या घराची डागडुजी काढलेल्याला समजावून सांगावे लागत नाही. आधी पेटी उतरवून घ्यायची, मग ती उघडून सामान मांडायचे, नवे जागेवर बसेपर्यंत जुने हलवायचे नाही, आणि बसल्यावरही काही दिवस ते ठेवायचे. म्हणजे एकाच फाइलची तीन-तीन रूपे काही काळ एकत्र नांदतात.

आधीच्या काळात असे नव्हते. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ‘पॅच’ हा प्रोग्राम युजनेटवर वाटला, तेव्हा दुरुस्ती म्हणजे मजकुरातल्या बदललेल्या ओळींची यादी होती. युनिक्स सांभाळणाऱ्याकडे मूळ सोर्स असे. तो यादी लावून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करी. घरगुती ग्राहकाकडे सोर्स नाही, कंपायलर नाही. त्याला तयार फाइल अख्खीच्या अख्खी द्यावी लागली. पुढे तयार फायलींमधलाही फरक तेवढा पाठवण्याच्या युक्त्या निघाल्या. २००३ मध्ये कॉलिन पर्सिव्हल यांचे ‘बीएसडिफ’ आले. २००९ मध्ये गूगलने क्रोमसाठी ‘कूर्जेट’ काढले आणि आकडे मांडून दाखवले: संपूर्ण अपडेट सुमारे १ कोटी ४ लाख बाइटचे, बीएसडिफने तेच सात लाखांवर, कूर्जेटने ७८,८४८ बाइटवर. हिशेब नजरेत भरणारा आहे, पण तो तारेवरचा आहे. फरक कितीही लहान असला तरी जुनी फाइल आणि तिच्यापासून घडवलेली नवी, या दोघींना डिस्कवर जागा द्यावीच लागते.

या गोष्टीतले सगळ्यांत बोलके मशीन म्हणजे आसुसचा ई-पीसी ७०१. २००७ च्या ऑक्टोबरात तैवानमध्ये बाजारात आलेला हा वहीएवढा लॅपटॉप स्वस्त होता, लिनक्सवर चालायचा, आणि त्याच्या गाजलेल्या मॉडेलात साठवण होती चार जीबीची. तिचे दोन भाग केले होते. एका भागात कारखान्यातून आलेली पूर्ण प्रणाली, फक्त वाचण्यापुरती. दुसरा, जेमतेम दीड जीबीचा, वापरणाऱ्यासाठी. ‘युनियन’ पद्धतीच्या फाइल सिस्टिमने दोन्ही थर एकावर एक ठेवलेले असल्याने बघणाऱ्याला एकच डिस्क दिसे. या रचनेचा फायदा खरा होता. मशीन सुरू होताना एफ-नाइन दाबले की वरचा थर पुसला जाई आणि मशीन दुकानातून आणल्यासारखे कोरे होई.

तोटा हळूहळू कळत गेला. नको असलेला प्रोग्राम काढला तर जागा मोकळी होईना. खालच्या थराला धक्का लावता येत नसल्यामुळे वरच्या थरावर नुसती नोंद व्हायची, की ही फाइल आता दाखवू नये. फाइल आपली खाली तशीच. अपडेट केले तर नवी आवृत्ती वर बसे, जुनी खाली राही, आणि दोन्हींचे भाडे त्या चार जीबीतूनच जाई. चार-सहा मोठी अपडेट घेतली की दीड जीबीचा थर गच्च.

फेब्रुवारी २००८ मध्ये ‘राइज सिक्युरिटी’ या गटाने दाखवून दिले की हा लॅपटॉप खोक्यातून काढल्या-काढल्या बाहेरून ताब्यात घेता येतो. कारण होते फायली नेटवर्कवर वाटून घेण्याचे सांबा हे सॉफ्टवेअर. त्यातली जुनी आवृत्ती प्रणालीत भरलेली होती. ते भोक सांबाच्या कर्त्यांनी मे २००७ मध्येच बुजवले होते, म्हणजे लॅपटॉप बाजारात येण्याच्या पाच महिने आधी. मालकाने दुरुस्त आवृत्ती वरच्या थरावर बसवली, तरी कधीतरी जागा संपून वैतागाने एफ-नाइन दाबले की ती जाणार आणि भोकासकट जुना सांबा पुन्हा वर येणार. सुटसुटीतपणासाठी केलेली सोय सुरक्षेच्या मुळावर आली, याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

सापडले मात्र! सहा वर्षांनी मायक्रोसॉफ्टनेच ते पुरवले. २०१४ च्या वसंतात विंडोज ८.१ सोळा जीबीच्या टॅब्लेटांवर बसावे म्हणून ‘विमबूट’ नावाची रचना आणली गेली. विंडोजची दाबलेली प्रत एका वेगळ्या विभागात, आणि सी ड्राइव्हवर तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या छोट्या फायली. नव्या टॅब्लेटवर मोकळी जागा छान दिसायची. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट आले, की बोट दाखवणाऱ्या फाइलच्या जागी खरी पूर्ण फाइल येऊन बसे, आणि तिची जुनी प्रत दाबलेल्या प्रतीत तशीच राही. दुकानात दाखवलेली मोकळी जागा अपडेटागणिक घटत जाई. पुढच्या वर्षी विंडोज १० मध्ये ही रचना मोडीत निघाली आणि चालू फायलीच दाबून ठेवायची पद्धत आली. मूळ स्थितीत परतण्यासाठी जपलेली वेगळी प्रतही काढून टाकली. आता ‘रीसेट’ केल्यावरही सुरक्षेची अपडेट टिकू लागली.

लिनक्सवाले या बाबतीत नाक वर करू शकत नाहीत. उबुंटूत डिस्क एन्क्रिप्ट केली की बूटसाठी वेगळा छोटा विभाग पडे, पूर्वी दोन-अडीचशे एमबीचा. कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, प्रत्येक सुरक्षा-अपडेट म्हणजे नवे पॅकेज. जुने कर्नल तिथेच राहत. काही महिन्यांत तो विभाग भरे, नवे कर्नल अर्धवट बसे, आणि मग पॅकेज बसवणारी यंत्रणा हटून बसे. आधी हे निस्तरा, मगच पुढचे. म्हणजे एका कर्नलपायी ब्राउझरपासून बाकी सगळ्याची दुरुस्ती अडलेली.

फोनवर गोष्ट आणखी घायकुतीला आली. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८ आले. ते हवेतून उतरवायला ४.५८ जीबी मोकळी जागा लागते, असा आकडा पुढे ॲपलनेच दिला. आणि बाजारात सोळा जीबीचेच काय, आठ जीबीचेही आयफोन होते. लोकांनी फोटो पुसले, गाणी पुसली, बरेच जण तर अपडेटच्या वाटेलाच गेले नाहीत. संगणकाला जोडून केले तर एवढी जागा लागत नसे, पण ते ठाऊक किती जणांना? डिसेंबरात अमेरिकेत ॲपलवर खटलाही गुदरला गेला: सोळा जीबी म्हणून विकता आणि त्यातला मोठा वाटा तुमची प्रणालीच खाते. पुढच्या वर्षी आयओएस ९ ची गरज १.३ जीबीवर आली, आणि जागा कमी पडल्यास काही ॲप तात्पुरती काढून नंतर परत बसवण्याची तयारी फोनच दाखवू लागला.

आयओएस ८ आले त्याच महिन्यात, सप्टेंबर २०१४ मध्ये, गूगलने अँड्रॉइड वन भारतात आणले. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे तीन फोन, किंमत साडेसहा हजारांच्या आत, वचन वेळच्या वेळी अपडेटचे. साठवण चार जीबीची, म्हणजे ई-पीसीएवढीच. त्यातली बरीच प्रणालीने आधीच व्यापलेली, उरलेल्यात व्हॉट्सॲप. भारतातले फोन का अडखळतात याचा शोध गूगलचे लोक घेत होते. त्यांना सापडली ती फुले, उगवता सूर्य आणि सुविचार असलेली सुप्रभाताची चित्रे. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने जानेवारी २०१८ मध्ये ही बातमी दिली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कुठल्याही कुटुंबाच्या ग्रुपला तिचे नवल वाटले नसेल. महिनाभर आधीच गूगलने दिल्लीत ‘फाइल्स गो’ हे साफसफाईचे ॲप जाहीर केले होते.

चित्रांवर खापर फोडणे सोपे होते, पण खरे काम दुसरीकडे चालले होते. अँड्रॉइडमधल्या ‘स्टेजफ्राइट’ नावाच्या भोकाने हादरल्यावर, ऑगस्ट २०१५ पासून, अँड्रॉइडची सुरक्षा-अपडेट दरमहा जाहीर होऊ लागली. दर महिन्याला जागा मागणे परवडणारे नव्हते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये प्रणालीचे दोन कप्पे ठेवायची सोय आली: एक चालू, दुसऱ्यात नवे बसवायचे, आणि फोन पुन्हा सुरू करताना अदलाबदल. अँड्रॉइड ८ पासून अपडेट थेट त्या दुसऱ्या कप्प्यातच उतरू लागले. मालकाच्या जागेतून घ्यायचे ते नोंदीपुरते शंभरेक केबी. किंमत अर्थातच होती. दोन कप्प्यांना दुप्पट जागा लागते, आणि ती फोन बनवणाऱ्याला कारखान्यातच काढून ठेवावी लागते. बऱ्याच कंपन्यांनी म्हणूनच हे टाळले. अँड्रॉइड ११ मध्ये दुसरा कप्पा कायमचा न ठेवता अपडेटपुरता उभा करण्याची तडजोड निघाली.

विंडोजला हे शहाणपण २०१९ च्या मे महिन्यात आले. विंडोज १० च्या त्या आवृत्तीत सुमारे सात जीबी जागा अपडेटसाठी आणि तात्पुरत्या फायलींसाठी आधीच राखून ठेवली जाऊ लागली, आणि किमान साठवणीची अट ३२ जीबीवर नेली गेली. पण ही राखीव जागा मिळाली ती आवृत्ती घेऊनच आलेल्या, किंवा सगळे पुसून ती नव्याने टाकलेल्या मशीनना. नुसते अपडेट करून तिथवर पोचलेल्यांना नाही. म्हणजे २०१४-१५ मध्ये बत्तीस जीबीची, बोर्डावरच डकवलेली साठवण घेऊन विकले गेलेले स्वस्त लॅपटॉप बाहेरच राहिले. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टचा सल्ला होता की मोठ्या अपडेटच्या वेळी दहा जीबी मोकळे असलेला पेन ड्राइव्ह लावावा. २०२१ मध्ये विंडोज ११ आले, त्याची किमान अट ६४ जीबीची.