कीपर निवडीची पारख

फँटसी बेसबॉलच्या कीपर लीगमध्ये हंगाम सुरू होण्याआधी दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो: गेल्या वर्षीच्या संघातले कोण ठेवायचे आणि कोणाला लिलावात परत सोडायचे? आयपीएलमुळे ‘रिटेन’ करणे आपल्या ओळखीचे झाले आहे. फरक एवढाच, की इथे ठेवलेल्या खेळाडूची किंमत कोणी मंडळ ठरवून देत नाही. मालकाने आधीच्या लिलावात लावलेल्या बोलीतून ती आलेली असते. त्यामुळे खेळाडू किती मोठा, हा प्रश्न अपुरा पडतो. तो आज कितीचा आहे आणि आपल्याला कितीला पडतो, या दोहोंतले अंतर पाहावे लागते.

आधी ‘कितीचा’ ते पाहू. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी १९८० मध्ये न्यूयॉर्कला सुरू केलेल्या रोटिसरी लीगचा साचा अजून टिकून आहे: प्रत्येक मालकाकडे २६० डॉलर आणि भरायला २३ जागा, १४ बॅटर व ९ पिचर. बारा मालक असतील तर बाजारात ३,१२० डॉलर आणि २७६ खेळाडू. दोनशे सत्त्याहत्तरावा खेळाडू कोणालाही फुकट मिळतो, म्हणून मोजणी त्याच्यापासून सुरू करायची. तीही जागेनुसार. संघाला दोन कॅचर सक्तीचे असतील तर लीगला २४ लागतात, आणि मेजर लीगमध्ये संघच ३० आहेत. साहजिकच, पहिल्या बेसवर ज्याला कोणी विचारणार नाही असा बॅटर कॅचर असला की त्याच्यावर पैसे लागतात.

हे मोल दरवर्षी बदलते, खेळाडू तसाच राहिला तरी. २०२२ मध्ये जॉन बर्टी ४१ स्टोलन बेससह मेजर लीगमध्ये पहिला होता. २०२३ मध्ये बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच झाला, पिचरने धावपटूला रोखण्यासाठी किती वेळा थांबायचे यावर मर्यादा आली, आणि एकूण स्टोलन बेस २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. त्या वर्षी ४१ वर पहिल्या पाचांतही जागा मिळाली नसती. ज्याने जुन्या दराने ‘वेगवान’ खेळाडू राखला, त्याला माल तोच मिळाला, भाव मात्र उतरलेला.

आता कीपर लीगचा खरा पेच. मालक स्वस्तातले खेळाडू ठेवतात, त्यामुळे लिलावात माल कमी आणि पैसा जास्त उरतो. समजा बारा जणांनी मिळून ७२ खेळाडू ठेवले. त्यांची किंमत ७२० डॉलर, पण मोल १,३२०. उरले २,४०० डॉलर आणि १,८०० डॉलरचे खेळाडू. म्हणजे भाव एक-तृतीयांशाने चढले. कागदावर ३० चा खेळाडू लिलावात ४० ला जाणार. त्याला ३२ ला ठेवणारा मालक वेडा वाटतो, पण तो ८ डॉलर वाचवतो आहे.

याहून मजेशीर गोष्ट क्रमाची. समजा, ठेवायला शेवटची एकच जागा उरली आहे. एक खेळाडू ५ डॉलरला पडतो आणि १५ चा आहे. दुसरा २८ ला पडतो आणि ३६ चा आहे. साध्या वजाबाकीत पहिला १० ने फायद्याचा, दुसरा ८ ने. चढलेल्या भावांची ही महागाई धरली की पहिला २० चा होतो आणि फायदा १५. दुसरा ४८ चा आणि फायदा २०. निकाल उलटला! ‘तिप्पट मोल मिळते’ असे म्हणत पहिल्याला ठेवणारे मालक पुष्कळ भेटतात. गुणोत्तराचा हा मोह माझ्या मते कीपर निवडीतला सर्वांत महागडा दोष आहे. शिवाय चढे भाव सगळीकडे सारखे पसरत नाहीत. तळाचा खेळाडू एका डॉलरलाच जातो, जास्तीचा पैसा वरच्या नावांवर तुटून पडतो. त्यामुळे तारांकित खेळाडूचे पारडे गणितात दिसते त्याहूनही जड असते.

अंदाज बांधताना गेल्या वर्षीचाच आकडा धरणे धोक्याचे. टॉम टँगोने मुद्दाम साधी ठेवलेली ‘मार्सेल’ पद्धत बॅटरच्या शेवटच्या तीन वर्षांना ५, ४, ३ असे वजन देते, सरासरीकडे खेचते आणि वयाचा हिशेब लावते. बहुतेक घरगुती लीगांना तेवढे पुरते. बॅटिंग अ‍ॅव्हरेज एका वर्षात बरेच हेलकावते. स्ट्राइकआउटचे प्रमाण त्या मानाने स्थिर. सामन्याचा शेवट सांभाळणाऱ्या पिचरचा, म्हणजे क्लोझरचा, भरवसा सर्वांत कमी. बाल्टिमोरच्या फेलिक्स बाउटिस्टाने २०२३ मध्ये १.४८ ईआरएने ३३ सेव्ह नोंदवले. ऑक्टोबरमध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ चा हंगाम गेला.

ठेवलेल्या खेळाडूची पुढची वर्षेही मोजावीत, पण हात आखडून. रोटिसरीच्या मूळ नियमांत करार लांबवला की प्रत्येक वाढीव वर्षामागे पगार ५ डॉलरने चढतो, त्यामुळे आजचा फायदा दोन वर्षांत आटतो. विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मालकाने पुढच्या वर्षाला अर्धेच वजन दिले तरी चालेल. तळाच्या मालकाचे गणित अर्थातच निराळे.

राहिला न्याय करण्याचा प्रश्न. अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट मिळवले. २०२४ मध्ये दोन सामने टाकून त्याचे कोपर गेले. त्याला ठेवणारा चुकला का? निकाल फेब्रुवारीत, निवडीच्या वेळी, हाती असलेल्या माहितीवरच द्यावा. तेव्हा एक गोष्ट सर्वांना माहीत होती: २०१९ मध्ये, कॉलेजात असताना, त्याच कोपराची शस्त्रक्रिया झाली होती. समजा त्याचे मोल ३२ डॉलर, वरच्या उदाहरणातल्या महागाईने सुमारे ४३. कोपराच्या भीतीने चौथा हिस्सा कापला तर ३२ उरतात. खरे तर थोडे जास्त, कारण तो बाहेर बसला तरी त्याच्या जागी कोणी ना कोणी पिचर टाकतोच. १५ डॉलरला पडत असेल तर त्याला ठेवणे बिनतोड. तिशीच्या आसपास बरोबरीचा सौदा. ३८ ला ठेवणारा चुकलाच, आणि स्ट्रायडर वर्षभर धडधाकट राहिला असता तरी मी हेच म्हटले असते.