बंद मालवाहू पेटी : तळ आणि उष्णतारोधन

अकोला-अमरावती पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे नवलाचे नाही. अशा दुपारी उभ्या असलेल्या बंद पेटीच्या पत्र्याचे छत बाहेरील हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापते. जठारपेठेतील दुकानांना औषधे, चॉकलेट वा बेकरीचा माल पोचवणारा छोटा बंद टेम्पो असो, की महामार्गावरील लांब पल्ल्याचा ट्रेलर, आतील मालाची अवस्था सारखीच होते. बियाण्याच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच नाजूक ठरतो. महाबीजचे मुख्यालय अकोल्यात आहे आणि खरिपाच्या बियाण्याची वाहतूक नेमकी मे-जूनमध्ये होते. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७० टक्के असावी, असे प्रमाण आहे. मात्र या दाण्याचे टरफल पातळ असल्याने उष्णता, ओल आणि आदळआपट या तिन्हींचा त्याला त्रास होतो.

पेटी सुधारायची म्हटले की बहुतेक मालक छताकडे पाहतात. वास्तविक काम तळापासून सुरू व्हायला हवे. चाकांनी उडवलेले पावसाळी पाणी खालून येते, सांडलेले पाणी वरून झिरपते आणि या दोहोंच्या मध्ये प्लायवूड कुजत राहते. कुजलेल्या तळावर नवा थर चढवणे म्हणजे ओल आत कोंडणे होय. म्हणून जुना तळ पूर्ण उचलावा. आडव्या चॅनेलवरील गंज खरवडून त्यांना गंजरोधक प्रायमर द्यावा. वेल्डिंगचे सर्व काम याच टप्प्यावर उरकावे. फोम बसल्यानंतर उडालेली एक ठिणगीही धोक्याची असते, कारण पॉलियुरेथेन फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात.

तळासाठी मरीन प्लाय हा सर्वसाधारण पर्याय आहे. जागतिक मापाच्या जहाजी कंटेनरमध्ये साधारण २८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड असते. छोट्या गाडीत १८ मिलिमीटर पुरते, मात्र खालील चॅनेल जवळजवळ हवेत. प्लाय सडायला सुरुवात होते ती कडेपासून. त्यामुळे कापलेल्या कडा आणि स्क्रूची छिद्रे सीलंटने बंद करणे हे पृष्ठभाग रंगवण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. वर अ‍ॅल्युमिनियमची चेकर प्लेट टाकली की गोण्या ओढताना तळ झिजत नाही. तीन मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे साडेतेवीस किलो भरते, तर तेवढ्याच जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमचे आठ किलोच्या आसपास. तळाखालील फोम मात्र भार सहन करणारा, घट्ट जातीचा असावा. भिंतीतला हलका फोम हातगाडीच्या चाकाखाली दबतो आणि वरचा प्लाय हलू लागतो.

उष्णतारोधनाचा हिशेब सोपा आहे. पेटीचा एकूण पृष्ठभाग ३० चौरस मीटर आणि आत-बाहेरील तापमानात २० अंशांचा फरक धरला, तर नुसत्या पत्र्यातून सुमारे तीन हजार वॉट उष्णता आत येते. ५० मिलिमीटर पफ बसवल्यास हा आकडा तीनशेच्या घरात येतो. थर्मोकोल स्वस्त पडतो, पण तेवढ्याच परिणामासाठी त्याची जाडी जवळजवळ दीडपट लागते. शिवाय रबरी गोंदातील द्रावकाने तो विरघळतो. काचलोकर ओल धरते आणि हादऱ्यांनी खाली बसते. चालत्या वाहनात ती टाळलेलीच बरी.

प्रत्यक्षात तीनशेचा आकडा गाठणे कठीण असते, कारण लोखंडी सांगाडा. लोखंडातून उष्णता फोमच्या सुमारे दोन हजार पट वेगाने वाहते. केवळ फासळ्यांमधील मोकळ्या जागा भरल्या, तर फासळ्याच उष्णतेचा पूल बनतात. त्यांच्यावरूनही फोमचा एक सलग थर जायला हवा. तसेच दाराचे रबरी बीडिंग फाटले असेल, तर भिंतीवरील खर्च बराचसा वाया जातो. युरोपात नाशवंत मालाच्या वाहतुकीसाठी १९७० मध्ये झालेल्या ‘एटीपी’ करारात संपूर्ण पेटीचीच कसोटी घेतली जाते. साध्या उष्णतारोधक पेटीतून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे ०.७० वॉटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये, अशी त्यात अट आहे.

उष्णतारोधन म्हणजे शीतकरण नव्हे, याचे भान अनेकदा सुटते. फोम उष्णता रोखून धरतो, काढून टाकत नाही. दुपारी तापलेला माल भरला, तर तो रात्रीही लवकर निवत नाही. भरणी पहाटे करणे आणि छताला पांढरा रंग देणे, हे उपाय स्वस्त असूनही उपयोगी पडतात. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांसाठी तर पूर्ण बंद पेटी घातकच ठरू शकते. तोडलेले फळ श्वसन करत असते आणि त्यातून उष्णता व ओल बाहेर पडते. शीतयंत्र नसेल, तर त्यासाठी हवा खेळती असलेला हौदा अधिक योग्य.

शेवटी प्रश्न वजनाचा. ५० मिलिमीटर पफ चौरस मीटरला जेमतेम दोन किलो भरतो. पण आतील अस्तर, प्लाय आणि चेकर प्लेट मिळून गाडीचे रिकामे वजन वाढते आणि तेवढाच भरायचा माल कमी होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात परस्पर करता येत नाही. त्यामुळे मिस्त्रीकडे गाडी नेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारणा करावी, आणि काम झाल्यावर रिकामी गाडी काट्यावर घालून नवे वजन पाहावे.