शब्दहरण आणि अर्थहरण

दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून पुढे करणे याला मराठीत वाङ्मयचौर्य म्हणतात. विद्यापीठांच्या जगात या चौर्याचे मोजमाप आता टक्क्यांनी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली जे नियम केले, त्यांत प्रबंधाचे इतर लेखनाशी असलेले साम्य १० टक्क्यांपर्यंत क्षम्य मानले आणि ते ६० टक्क्यांच्या वर गेल्यास संशोधकाची नोंदणी रद्द करावी, असे ठरविले. साम्य शोधण्याचे काम संगणकाचे. तो मुख्यतः शब्दाशी शब्द ताडून पाहतो. साहजिकच पुष्कळांची अशी समजूत होते की, वाक्यातील चार शब्द बदलले, कर्तरी प्रयोगाचा कर्मणी केला, की मजकूर आपला झाला. ही समजूत किती जुनी आहे आणि तिचा समाचार किती पूर्वी घेतला गेला, हे राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’वरून कळते.

राजशेखर हा इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या प्रारंभीचा. कनोजचा प्रतीहार राजा महेंद्रपाल याचा तो उपाध्याय होता. त्याचे यायावर घराणे कवींचे. आपला पणजा अकालजलद याला तो महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. या अकालजलदाचे श्लोक जणू स्वतःचे म्हणून वापरून कादंबरीराम नावाचा नाटककार थोर कवी ठरला, असा टोला राजशेखराच्या नावावर असलेल्या एका श्लोकात आहे. देवगिरीच्या यादवांच्या काळी, १२५८ साली सिद्ध झालेल्या जल्हणाच्या ‘सूक्तिमुक्तावली’त तो टिकून राहिला. तेव्हा वाङ्मयचौर्य हा राजशेखराला केवळ पांडित्याचा विषय नसावा; घरातील ठेव लुटली गेल्याची जाणीवही त्यामागे असावी.

‘काव्यमीमांसे’चे अकरा ते तेरा हे अध्याय या विषयाला वाहिलेले आहेत. प्रथम शब्दहरण. एका पदापासून संपूर्ण प्रबंधापर्यंत त्याचे पाच प्रकार राजशेखर सांगतो. मोल देऊन घेतलेले काव्य आपल्या नावावर मिरविणे हेही हरणच, असा त्याचा निवाडा आहे. कीर्ती न लाभली तरी चालेल, पण दुष्कीर्ती नको. पैसे मोजून प्रबंध लिहवून घेणाऱ्यांना आज यापेक्षा वेगळे काही सांगावे लागत नाही.

त्यानंतर अर्थहरण, आणि येथेच राजशेखराची सूक्ष्म दृष्टी दिसते. त्याच्यापूर्वी काश्मीरच्या आनंदवर्धनाने दोन कवींच्या अर्थांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले होते. राजशेखर त्यांत चौथ्याची भर घालतो. अर्थ सर्वस्वी तोच आणि केवळ वाक्यरचना निराळी, हा ‘प्रतिबिंबकल्प’. थोड्याशा संस्काराने तीच वस्तू वेगळी भासते, तो ‘आलेख्यप्रख्य’, म्हणजे चित्रासारखा. विषय भिन्न, परंतु साम्यामुळे एक वाटणारा, तो ‘तुल्यदेहितुल्य’. मूळ एक, पण मांडणी अगदी दूरची, तो ‘परपुरप्रवेशसदृश’. यांतील पहिला सर्वथा त्याज्य होय. त्याने कवीचे कवित्वच जाते. आरशातील रूपाला स्वतःचा जीव नसतो. प्रतिशब्द घालून फिरविलेला परिच्छेद हा असाच प्रतिबिंबकल्प असतो. संगणकाच्या नजरेतून तो निसटेल. राजशेखराच्या नजरेतून निसटला नसता.

इतर चोरी काळाच्या ओघात विसरली जाते, वाणीची चोरी मात्र नातवंडांपर्यंत पुसली जात नाही, असे एक कडक मत राजशेखर नमूद करतो. त्यावर पत्नी अवंतिसुंदरी हिचे क्षमाशील मतही तो देतो. हा कवी अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध. त्याच्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे. तो दूर देशीचा. त्याचा ग्रंथ नष्ट झालेला. अशा कारणांनी कवीने परकीय अर्थ घेण्यास तिची हरकत नाही. काव्यात ही सवलत कदाचित शोभेल. संशोधनात मात्र यांतील प्रत्येक कारण म्हणजे एकेक पळवाट आहे. अप्रसिद्ध लेखकाचे ऋण प्रसिद्ध लेखकाच्या ऋणाइतकेच खरे असते, आणि परभाषेतून घेतलेला विचार अनुवादामुळे स्वतःचा होत नाही.

काव्य आणि शास्त्र यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. कवीने घेतलेल्या अर्थाला नवे रूप दिले की त्याचे काम भागते. शास्त्रकाराचे तेवढ्याने भागत नाही. त्याने मूळ वाचावे, समजून घ्यावे, ग्रंथ मिटून स्वतःच्या बुद्धीने त्याची मांडणी करावी आणि इतके करूनही तो विचार कोणाचा, हे सांगावे. शब्द आपले झाले तरी विचार दुसऱ्याचाच राहतो. म्हणून उत्तम भावानुवादालाही नामनिर्देश सुटत नाही.

राजशेखराचे स्वतःचे वर्तन या कसोटीला पुष्कळ अंशी उतरते. हे आचार्यांचे मत, हे यायावरीयाचे म्हणजे स्वतःचे, हे अवंतिसुंदरीचे, अशी विभागणी तो पदोपदी करतो. पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘काव्यानुशासना’त ‘काव्यमीमांसे’तील कितीतरी मजकूर जसाच्या तसा घेतला. संग्रहरूप ग्रंथ रचण्याची ती रीत होती. तरी वाचकाला मूळ धनी कळण्यास मूळ ग्रंथच हाती यावा लागला. तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून १९१६ साली छापला गेला. पत्नीचे मत राजशेखराने आपल्या मतात मिसळून टाकले असते, तर ते कोणाच्याही ध्यानात आले नसते. त्याने तिचे नाव घातले, म्हणून सुमारे अकराशे वर्षांनंतरही ते मत तिच्याच नावावर आहे.